सरकीची पेटी

ससे आमच्या घरी आले ते एस्टीनं, मामाच्या मांडीवर बसून. बांबूच्या टोपलीवर गोणपाट शिवलेलं होतं आणि गोणपाटाला हवेसाठी एक भोक. कंडक्टरनं विचारलं, "टोपलीत काय हाय गा?" मामानं सांगितलं, "भाचीसाठी कोबी नेऊन राह्यलो." तेवढ्यात भोकातून एक गुलाबी नाक बाहेर आलं आणि वरखाली होऊ लागलं. कंडक्टर म्हणाला म्हणे, "तुह्या कोबीले पडसं झालं दिसते," आणि पुढे गेला. मामा हा प्रसंग दर वेळी वेगळा सांगायचा. कधी त्यातला कंडक्टर हसायचा, कधी कोबीचं तिकीट मागायचा. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही, पण नाकाचं खरं असावं. टोपली आमच्या अंगणात ठेवली तेव्हाही ते नाक तसंच वरखाली होत होतं आणि मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हे नाक थांबतं केव्हा?

मला प्रश्न विचारायची खोड होती. आंधळगावातल्या आमच्या विणकरांच्या आळीत पोरींनी विचारायचे प्रश्न ठरलेले असत. कांड्या किती भरायच्या, चूल पेटवू का, विहिरीवर गर्दी आहे का. माझे प्रश्न त्यात बसत नसत. पालीची तुटलेली शेपटी नेमकं कोणाला शोधत असते, कोंबडी पाणी पिताना वर का बघते, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चालायचं आणि डोक्यातलं तोंडावाटे बाहेर पडायला वेळ लागत नसे. बाबा मला लाडानं 'पंचनामा' म्हणायचे. मागावर बसल्याबसल्या मला येताना पाहिलं की हाक मारायचे, "आला वं माहा पंचनामा!" आत्याबाईही तेच नाव घ्यायची, पण तिच्या तोंडी ते लाडाचं नसायचं.

आमचं घर म्हणजे खरं तर मागघर, आणि त्याला चिकटून आम्ही राहत होतो इतकंच. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बाबा दिवसभर लुगडी विणत. माय चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. आत्याबाई, म्हणजे बाबांची थोरली बहीण, सुताला तांदळाची खळ लावायची आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायची. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आली होती. तिचं एक मूल तान्हेपणी गेलं होतं, एवढंच आम्हाला माहीत. त्याबद्दल ती बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू. म्हणजे मीसुद्धा विचारत नसे, यावरून काय ते समजा. घरात सकाळपासून मागाचा खटक-धप, खटक-धप आवाज चालू असे. तो इतका सवयीचा होता की आम्हाला ऐकूच यायचा नाही. थांबला की मात्र सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. थंडीच्या दिवसांत चुलीवर लाखोळीची भाजी रटरटायची, तांदळाची भाकर तव्यावर फुगायची, आणि खळीच्या पातेल्यातून निघणारा आंबूस वास या सगळ्यावर पसरलेला असायचा. अजूनही कुठे पेज थोडी लागली की मी क्षणभर त्या घरात जाऊन येते.

टोपलीतल्या दोन सशांपैकी नर पांढराशुभ्र होता, त्याचं नाव आम्ही कापूस ठेवलं. मादी राखी रंगाची, म्हणून ती सरकी. विणकराच्या घरी दुसरं काय सुचणार! बाबांनी बांबूच्या कांबींचा पिंजरा केला, चार पायांवर उभा, खाली फटी ठेवलेल्या, म्हणजे लेंड्या आपोआप खाली पडाव्यात. घरामागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, तो ठेवला. मी रोज बांधावरची हरळी, लाखोळीचा पाला आणून घालायची. ससा ओरडत नाही, भुंकत नाही, अंगावर येत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल काही कळायचं तर नुसतं बघत बसावं लागतं, आणि ते काम मला पसंत होतं. मला पहिल्या महिन्यातच एक शोध लागला. माग चालू असला की सरकी पाय पसरून झोपायची. माग थांबला की ताडकन उठून कान टवकारायची. म्हणजे तीही आमच्यातलीच झाली होती.

दिवाळीनंतर सरकीनं एक नवीनच प्रकार सुरू केला. ती स्वतःच्या छातीवरचे केस तोंडानं उपटू लागली. चिमटी-चिमटी केस निघत आणि फटींतून खाली पडत, वाऱ्यानं अंगणभर उडत. कधी ती तोंडात गवताच्या काड्या आडव्या धरून पिंजऱ्यात येरझारा घालायची, मोठ्या मिशा फुटल्यासारखी. मला हसू आवरेना. आत्याबाईनं लांबून पाहिलं आणि निदान केलं, "खरूज झाली. करंजीचं तेल लावा, नाईत घरभर पसरन." मायनं आणि मी मिळून तिला तेल चोपडलं. सरकीनं माझ्या हाताला ओरखडे काढले आणि चाटून चाटून तेल काढण्यात दुपार घालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाला घेऊन गेले तेव्हा कांबींवर इकडेतिकडे बोटाएवढी, उघडी, गुलाबी पिल्लं पडली होती. काही फटींतून खाली जमिनीवर. सगळी थंड. ती खरूज नव्हती, ती बिचारी गादी करत होती, आणि आम्ही तिच्या गादीच्या कापसाला तेल लावलं होतं.

मी रडले. बाबांनी खड्डा खणून पिल्लं पुरली. आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी मोठी बहीण, सुमनताई, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली.

आत्याबाईनं ताईच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला आत घेतलं, आणि लगेच स्वयंपाकघरात बाबांना गाठलं. आवाज हळू ठेवला होता, पण आत्याबाईचा हळू आवाज आळीच्या टोकापर्यंत जायचा.

"घरात गरोदर पोरगी आली, अन् सपरीत मेलेले लेकरं! अशी माय घरात ठेवतात काय? आपले लेकरं उघडे टाकनारी? बाजारात सशे घेनारा येते, त्याले देऊन टाक."

"तो घेऊन का करते, मालूम हाय ना तुले?" बाबा म्हणाले.

"करन काईबी. मले सुमनची काळजी हाय."

बाबा बहिणीला उलटून बोलत नसत. ते एवढंच म्हणाले, "एक बार पाहू. पुढच्या बारीनं पिल्लं जगली त राह्यतीन. नाईत तू म्हनशीन तसं."

ताई ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होती. मी तिच्याजवळच होते. तिनं पदर पोटावरून नीट केला. माझी ताई म्हणजे खळखळून हसणारी, आळीतल्या सगळ्यांच्या नकला करणारी. पण त्या दिवसापासून तिचं पोट वाढत गेलं आणि बोलणं कमी होत गेलं. ताटातला घास ताटातच राही. एकदा न्हाणीजवळ मला एकटीला गाठून तिनं विचारलं, "मंगे, आता पिल्लं होतीन त जगतीन ना वं?" मी म्हटलं, "जगतीन, काहून नाई जगनार?" ती म्हणाली, "पक्कं सांग." तेव्हा मला कळलं की आत्याबाईचं बोलणं तिच्या मनात खोल जाऊन बसलं आहे. सरकीची पिल्लं गेली तर आपलंही जाईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. मला भीती वाटली. आजवर माझे प्रश्न नुसते गंमत म्हणून होते. या एका प्रश्नाचं उत्तर ताईला हवं होतं.

सरकीला थंडीत बाळंत व्हायला जागा कशी हवी, याचा घरात विचार सुरू झाला. पुस्तक नव्हतं, कोणी माहीतगार नव्हता. मामाला विचारावं तर मामा म्हणणार, सशाचं रानात कोण बाळंतपण करते? पण त्याच्या त्या रानावरूनच मला सुचलं. रानात ससा बिळात किंवा गवताच्या खळग्यात असणार, म्हणजे त्याला चारी बाजूंनी आडोसा. बाबांनी किराणा दुकानातून चहाची रिकामी पेटी आणली. तिच्या कडांची पत्र्याची पट्टी उपटून काढली, म्हणजे कुणाला कापायला नको. समोरची फळी अर्धी कापली आणि खाली हातभर नव्हे, वीतभर उंचीचा उंबरठा ठेवला. "माय उडी मारून आत जाईन, पिल्लू रांगत बाहेर येनार नाई," ते म्हणाले. तळाला खिळ्यानं भोकं पाडली, ओल निघून जावी म्हणून, आणि त्यावर सुताराकडचा रंध्याचा भुसा पसरला. पेटी उचलून मागघराच्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवली. तिथे सरकीला तिचा आवडता खटक-धपही ऐकू येणार होता. पेटीला चहाचा वास येत होता. सरकीनं तिच्याभोवती तीन-चार फेऱ्या मारल्या, हनुवटी घासली आणि आत जाऊन बसली. बाबांचा चेहरा असा झाला की जणू गिऱ्हाईकानं लुगडं एका नजरेत पसंत केलं.

आता राहिली गादी. ती काय घालायची, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलासुद्धा नाही. मीही नाही. विणकराच्या घरी सुताला काय तोटा! तुटकं, उरलेलं, गुंतलेलं सूत आम्ही बोचक्यात साठवत असू. मायनं त्यातलं सगळ्यात मऊ, सगळ्यात पांढरं निवडून काढलं, हातानं पिंजून फुलवलं आणि पेटीत भरलं. हात घातला की ऊब लागायची. मायचे डोळे भरून आले होते. "राजाच्या घरी नसन अशी गादी," ती म्हणाली. आत्याबाई लांबून बघत होती. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "कोऱ्या सुतात नवा जीव घालत नाईत. जुनंच घालावं लागते." नवजात बाळाला पहिले काही दिवस घरातल्या म्हाताऱ्यांच्या जुन्या धोतराचं, लुगड्याचं झबलं घालतात, तो नियम ती सशाला लावत होती. आम्ही हसलो.

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत सरकीनं केस उपटले. या वेळी कोणी तेल आणलं नाही. तिनं तोंडात केसांचे पुंजके धरून पेटीत उड्या मारल्या, आणि सकाळी मी हळूच सुतात हात घातला तर बोटांना ऊब लागली, आणि त्या उबेत काहीतरी हललं. मी किंचाळले नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. ताईला हाताला धरून आणलं. तिनं हात घातला, डोळे मिटले, आणि बराच वेळ काढला नाही. त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाहायला गेले. आत्याबाईनं बजावलं होतं, हात लावू नकोस, माणसाचा वास लागला तर माय पिल्लू टाकून देते. पण मला बघितल्याशिवाय करमेना. सूत बाजूला सारलं तर एक पिल्लू वर ओढलं आलं. सुताला टांगल्यासारखं. त्याच्या मागच्या पायाला धाग्याचे वेढे बसले होते आणि पाय जांभळा होऊन फुगला होता. दुसऱ्याच्या गळ्यालाच वेढा होता. ते गेलेलं होतं. बाकीची सगळी एकमेकांत अडकलेली, वळवळत होती, आणि जितकी वळवळत तितका धागा आवळत होता. मी बाबांना हाक मारली. माझा आवाज ऐकून माग थांबला.

आत्याबाई आली, ताई आली. आत्याबाईनं कपाळावर हात मारला. "झालं! मी का म्हनत होती?" ताई भिंतीला धरून उभी राहिली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. बाबांनी आत्याबाईकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला, "चूप रहा वं बाई जराशी! हे अपशकुन नाई. हे सूत हाय."

मग त्यांनी मागघराच्या दारात, उन्हात बैठक मारली. मांडीवर फडकं, फडक्यावर पिल्लू. बाबांची बोटं मी रोज बघत होते, पण त्या दिवशी त्यांच्याकडे खरं पाहिलं. तुटलेला ताणा जोडणारी, गुंता उकलणारी ती बोटं. ते म्हणायचे, गुंत्याला ओढायचं नसते, विचारायचं असते. धाग्याला हलकेच वर ढकलून ते टोक कुठे आहे ते शोधत, मग एक वेढा, मग दुसरा. जिथे धागा कातडीत रुतला होता तिथे मायनं धरलेल्या सुईच्या बोथट बाजूनं उचलून ब्लेडनं टिचकन तोडत. "सूत जेवढं लांब तेवढं चांगलं, हे आपलं विणकराचं," ते काम करता करता स्वतःशीच बोलत होते. "यायले आखूड पाह्यजे होतं. लांब म्हनजे फास झाला. आपल्याले समजलंच नाई गा." सुटलेलं पिल्लू गार पडू लागलं तेव्हा ताईनं न विचारताच हात पुढे केले. एकेक पिल्लू तिनं पदरात घेतलं, पोटाशी धरलं, वरून शाल ओढली. सगळी पिल्लं त्या पोटावर लोळू लागली. थोड्या वेळानं ताई एकदम हसली. कितीतरी दिवसांनी, अगदी तिच्या जुन्या आवाजात. "माय वं!" ती म्हणाली, "हा आतून लाता मारून राह्यला, अन् हे बाहेरून!" मायही हसली, बाबाही. आत्याबाई हसली नाही, पण तिथून गेलीही नाही.

मग मी आळीच्या टोकाला राहणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी धावत गेले. त्यांच्याकडे धान झोडून उरलेल्या तणसाची मोठी गंजी होती. म्हातारीनं विचारलं, कायले पाह्यजे? मी म्हटलं, बाळंतिणीला. पुढचं ऐकायला मी थांबले नाही. तणस आम्ही उन्हात वाळवलं, विळ्यानं बोटा-दोन बोटांएवढं आखूड केलं, हातावर चोळून मऊ केलं. त्याचा खळगा पेटीत केला, वाटीसारखा. पण सरकीनं उपटलेले केस त्या सुतात गुंतले होते, आणि तीच खरी ऊब. ते केस सुतातून वेगळे काढायचं किचकट काम कोणी करायचं? आत्याबाई पुढे आली, बसली, आणि मुकाट्यानं केस निवडू लागली. आयुष्यभर सुतातले गोळे निवडलेले तिचे हात. संध्याकाळपर्यंत तिच्यापुढे राखी केसांचा एवढासा ढीग झाला. तो खळग्यात घातला, पिल्लं त्यात ठेवली, वरून थोडे केस पांघरले. माणसाचा वास लागला म्हणून सरकीनं काही केलं नाही. उलट मी पेटीत हात घालत असताना ती माझ्याच हातातला पाला खात होती.

तरी मला एक कोडं सुटेना. ही पिल्लांना पाजते केव्हा? दिवसभर ती पेटीबाहेर बसून असायची, पिल्लांकडे बघायचीसुद्धा नाही. आत्याबाईला पुन्हा संशय आला, "माय हाय का वैरीन?" पण पिल्लांची पोटं तर टम्म फुगलेली. मी झुंजूमुंजू व्हायच्या आधी उठून मागघराच्या दाराआड बसू लागले. दोनदा चुकामूक झाली, मग एकदा सापडलं. सरकीनं उडी मारली, पिल्लांवर चारी पाय ताठ करून उभी राहिली, खालून चळवळ झाली, आणि भाकर उलटायला लागतो तेवढ्या वेळात ती पुन्हा बाहेर येऊन कान खाजवत बसली. चोवीस तासांत तेवढंच. आता मला वाटतं, ती पिल्लांजवळ बसत नव्हती ते कोणाला जागा कळू नये म्हणून. तेव्हा मात्र मी पळत जाऊन सगळ्यांना उठवलं, आणि आत्याबाई पांघरुणातून म्हणाली, "पोट्टे, चहा करून सांगत जा वं, नुसती सांगत नको जाऊ."

एक सोडून बाकी सगळी जगली. ज्याचा पाय फुगला होता त्याचा पाय थोडा वाकडा राहिला, पण उड्या मारण्यात तेच पहिलं. त्यांचे डोळे उघडले, कान उभे राहिले, आणि ती उंबरठ्यावरून पहिल्यांदा बाहेर घरंगळली त्याच सुमारास ताईला मुलगा झाला.

बाळ गोरंगोमटं होतं, रडकं नव्हतं. ताईच्या बाजेखाली शेगडी, खोलीत ओवा-शेपाची धुरी, स्वयंपाकघरात डिंक तळण्याचा वास. जुन्या धोतराचं झबलं आत्याबाईनं स्वतः शिवलं. ताईच्या सासरहून लोकरीचे मोजे आले होते, लाल रंगाचे, गोंडे लावलेले. थंडी असल्यानं ते पायात घातले. सगळं छान चाललं होतं, आणि एका तिन्हीसांजेला बाळ रडायला लागलं ते थांबेचना. पाजलं तर तोंड फिरवी. मांडीवर, खांद्यावर, झोळीत, कशातच राहीना. किंचाळून किंचाळून लालबुंद झालं. मायनं पोटाला हिंग लावला. आत्याबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या; तडतडल्या तेव्हा म्हणाली, "पाह्य, कशी दृष्ट लागली!" पण रडणं तसंच. ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत तीच जुनी भीती परत आली होती.

आणि मला ते पिल्लू दिसलं. सुताला टांगलेलं. मी कोणाला न विचारता बाळाची दुपटी सोडू लागले. "काय करून राह्यली वं? थंडी लागन!" आत्याबाई ओरडली. मी हात पाहिले, मान पाहिली, मोजे काढले. डाव्या पायाचं एक बोट इतर बोटांपेक्षा मोठं आणि जांभळं दिसत होतं, आणि त्याच्या मुळाशी एक बारीक रेघ. मोज्याच्या आतला लोकरीचा धागा सुटून बोटाभोवती आवळला होता, आणि सूज आल्यामुळे तो दिसेनासा झाला होता.

"बाबा," मी हाक मारली, "हे सूत हाय."

बाबा आले. मायनं कंदील जवळ धरला. तीच मांडी, तेच फडकं, तीच सुई. त्यांनी बाळाचा पाय एका हातात घेतला आणि धाग्याचं टोक शोधलं. एक वेढा, मग दुसरा. टिचकन धागा तुटला. बाळ आणखी थोडं रडलं, मग हुंदके देऊ लागलं, मग ताईच्या कुशीत शिरून पिऊ लागलं. बोटाचा रंग हळूहळू बदलत गेला. आम्ही सगळे त्या एवढ्याशा बोटाकडे टक लावून बसलो होतो.

आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. आम्हाला वाटलं, दमली असेल. मग ती बोलली. तिचा आवाज खरोखरच हळू होता, आणि तसा मी आधी कधी ऐकला नव्हता.

"माह्यं लेकरू असंच रडलं होतं," ती म्हणाली. "सारा दिवस, सारी रात. आम्ही नुसती दृष्टच काढत राह्यलो. थे लाल झालं, काळं झालं, मंग रडाचं बंद झालं." मग बाबांकडे पाहून म्हणाली, "त्याले काय होतं कोनाले मालूम. पन पाय उघडून कोनं पाह्यले नाईत गा. मीबी नाई पाह्यले."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच मला काही विचारावंसं वाटलं नाही. तिनं माझा हात धरून मांडीवर ठेवला आणि तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लाल मोजे उलटे करून उन्हात धरले, आतले सगळे धागे कात्रीनं काढले, आणि बाळाला अंघोळ घालायच्या आधी त्याची हातापायाची बोटं एकेक करून पाहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ताई सासरी जाईपर्यंत रोज. सरकी आणि तिची पिल्लं बाजारात देण्याचा विषय त्यानंतर आमच्या घरात कोणी काढला नाही. डिंकाचे लाडू करताना आत्याबाई लाखोळीच्या पाल्याची एक जुडी वेगळी बांधून ठेवायची आणि मला म्हणायची, "हे दुसऱ्या बाळंतिनीले देऊन ये."

आज बाबा नाहीत, आत्याबाई नाही, आणि माग तर आळीतल्या कोणाच्याच घरात राहिला नाही. ताईच्या त्या मुलाला आता नातवंडं आहेत. त्याच्या डाव्या पायाच्या बोटावर ती रेघ अजून बारीकशी दिसते. तो ती कोणाला दाखवत नाही, आणि कशाची ते त्याला नीटसं ठाऊकही नाही. पण आमच्या घराण्यात एक रीत पडली आहे. नवं बाळ आलं की बारशाच्या आधीपासून रोज सकाळी त्याची वीसही बोटं उघडून पाहायची. लेकी ती रीत सासरी घेऊन गेल्या, सुना माहेरी. गेल्या थंडीत ताईच्या त्या मुलाची धाकटी सून पहिल्यांदा आई झाली. शहरात वाढलेली, शिकलेली पोर. मी बाळाच्या पायाची बोटं एकेक करून बघत होते, तर तिनं विचारलं, "मावशीआजी, हे कशासाठी करतात? काही पूजा असते का?" तिच्या चेहऱ्यावर खरं कुतूहल होतं. मला फार बरं वाटलं.

मी म्हटलं, "बस इथे. आपल्या घरी एक बाळंतीण होती, सरकी नावाची."